नाव नवं, चॅसिस जुनी: गाडी घ्यावी का?

प्रश्न: नमस्कार. मी पिंपळगाव बसवंतला राहते, ओझरच्या शाळेत शिकवते. यजमानांची द्राक्षबाग आहे. माल आणि खतासाठी घरी पिकअप आहेच, आता माणसांसाठी गाडी घ्यायची आहे. घरात सात जण: आम्ही दोघं, नऊ आणि चार वर्षांची दोन मुलं, सासू-सासरे आणि दीर. रोज शाळेत मीच गाडी नेणार, आणि महिन्यातून दोनदा ठाण्याला नणंदेकडे जाणं होतं. यजमानांच्या मनात बोलेरो निओ भरली आहे. शोरूमवाले म्हणतात, "एकदम नवीन मॉडेल." दीर नाशिकला अंबडच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या कारखान्यात, कामाला आहेत. ते म्हणतात, "नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. ही जुनी टीयूव्हीच आहे, चॅसिस दहा वर्षांपूर्वीची." चॅसिस, म्हणजे गाडीचा खालचा पाया, जुनी असणं खरंच वाईट असतं का? आपल्यासारख्यांना ते ओळखायचं कसं? सगळं मिळून चौदा लाखांत बसवायचं आहे.
– एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर: ताई, दिरांची माहिती पक्की आहे, निष्कर्ष मात्र अर्धाच बरोबर. महिंद्राची टीयूव्ही ३०० सप्टेंबर २०१५ मध्ये बाजारात आली. जुलै २०२१ मध्ये तिचं तोंड आणि आतली सजावट बदलली आणि ती बोलेरो निओ झाली. दोघींचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) २६८० मिमी, दोघींत दीड लिटरचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन. कंपनीने हे लपवलेलंही नाही. निओ आली तेव्हा तिची चॅसिस तिसऱ्या पिढीची, स्कॉर्पिओ आणि थारच्या घराण्यातली, हे कौतुकानेच सांगितलं होतं. शोरूममधल्या मुलालाही खोटं ठरवू नका. त्याच्या लेखी बॉनेट, जाळी, दिवे आणि स्क्रीन बदलली की मॉडेल नवीन.

आता याच कंपनीची दुसरी गाडी बघा. एप्रिल २०२४ मध्ये एक्सयूव्ही ३एक्सओ आली. तिचंही नाव नवं आणि चेहरा नवा, पण खाली २०१९ ची एक्सयूव्ही ३००. त्या ३०० च्याही खाली कोरियाच्या सँगयाँग कंपनीची टिवोली, जी तिकडे जानेवारी २०१५ मध्ये आली होती. तिघींचा व्हीलबेस २६०० मिमी. म्हणजे निओ आणि ३एक्सओ या दोघींची मुळं एकाच वर्षातली, २०१५ ची. दोघींना जुन्या पायावर नवं नाव मिळालं. आणि निकाल? एप्रिल २०२४ मध्ये गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने बोलेरो निओला पाचपैकी मोठ्यांच्या सुरक्षेसाठी १ तारा दिला आणि मुलांच्या सुरक्षेसाठीही १. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारत एनकॅपने, म्हणजे आपल्याकडच्या तशाच चाचणीने, ३एक्सओला दोन्हींत ५ तारे दिले.

एवढ्यावरून कळतं की पायाचं वय पाहून काही ठरत नाही. तो मुळात कुठल्या परीक्षेसाठी आखला होता आणि नाव बदलताना आतल्या लोखंडाला किती हात लावला, ते विचारायचं.

निओ लॅडर फ्रेमची गाडी आहे. लिफ्टवर चढवून खालून पाहिली की पुढून मागे जाणारे दोन जाड लांब रेल दिसतात आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन हे सगळं त्या शिडीला बांधलेलं. वरची बॉडी वेगळी बनते आणि रबरी माउंटवर बोल्टने बसवली जाते. ३एक्सओ मोनोकॉक आहे. तिच्यात वेगळी शिडी नसते. फ्लोअर, खांब, छप्पर आणि पुढच्या पत्र्याच्या पोकळ पेट्या हे सगळं वेल्डिंग करून एकच शेल होतं, आणि इंजिन-सस्पेन्शन त्याला सबफ्रेमवर टांगलेलं असतं. आपल्याकडे समजूत अशी की शिडीचं लोखंड जाड, म्हणून गाडी मजबूत, म्हणून माणूस सुरक्षित. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याचदा खऱ्या असतात, तिसरी आपोआप येत नाही. समोरासमोर धडकेत पुढचा भाग ठरावीक क्रमाने चुरगळला पाहिजे आणि बसायची जागा अजिबात चुरगळता कामा नये. रेल चुरगळला नाही तर धक्का सरळ केबिनपर्यंत जातो. केबिनचे खांब आणि पायाजवळचा पत्रा मऊ असेल तर स्टिअरिंग छातीकडे सरकतं, पेडल आत येतात, दार अडकतं. निओच्या चाचणीत बॉडी शेल आणि पायाजवळचा भाग, दोन्हींवर "अस्थिर" असा शेरा आहे. ताऱ्यांपेक्षा हा शब्द महत्त्वाचा, कारण अस्थिर शेलमध्ये जादा एअरबॅग बसवूनही फार हाती लागत नाही. एअरबॅग माणूस आणि स्टिअरिंग यांच्यात एक ठरलेलं अंतर गृहीत धरून फुगते, आणि शेल हललं की ते अंतरच बिघडतं.

लॅडर फ्रेम म्हणजे नापास असंही समजू नका. स्कॉर्पिओ-एन लॅडर फ्रेमचीच, पण नव्या आखणीची, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिला मोठ्यांच्या सुरक्षेत ५ तारे मिळाले. थार तर निओच्याच चॅसिस-घराण्यातली, तिला २०२० मध्ये ४ तारे होते.

पण थारचे ४ आणि निओचा १ शेजारी ठेवून मोजू नका. इथे बरेच जण फसतात. जुलै २०२२ पासून ग्लोबल एनकॅपची परीक्षा कडक झाली. त्याआधी मुख्यतः समोरच्या धडकेवर तारे मिळायचे. त्यानंतर बाजूची धडक, खांबावर बाजूने आदळणं, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, पादचाऱ्यांची सुरक्षा हेही मोजलं जाऊ लागलं. भारतात बनलेल्या अर्टिगाला २०१९ मध्ये ३ तारे होते, नव्या परीक्षेत २०२४ मध्ये १. स्कॉर्पिओ-एनचंच बघा. आपल्याकडे ५ तारे मिळालेल्या त्या गाडीला ऑस्ट्रेलियाच्या एनकॅपने २०२३ मध्ये शून्य दिला, कारण तिकडे आपोआप लागणाऱ्या ब्रेकसारख्या सोयींना मोठं वजन आहे. तेव्हा कुणी तारे सांगितले की दोन गोष्टी विचारा: परीक्षा कोणाची आणि कुठल्या वर्षाची. भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. तिच्या पत्रकावर कुठल्या व्हेरियंटना ते तारे लागू आहेत हे छापलेलं असतं, तेही पाहून घ्या. निओच्या नंतरच्या रूपात तारे वाढलेत असं कुणी म्हणालं तर त्याच रूपाचं पत्रक मागा. तोंडी काही धरू नका.

"सरकार विकू देतं म्हणजे सुरक्षितच असणार ना?" हा प्रश्न यजमान विचारतीलच. सरकारी किमान कसोटी वेगळी आहे. समोरच्या ऑफसेट धडकेची सक्तीची चाचणी ताशी ५६ किमीला होते, तर एनकॅपची ६४ ला. फरक आठाचाच वाटतो, पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ ३० टक्के जास्त. शिवाय या सक्तीच्या चाचण्या नव्या मॉडेलना ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्यांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाल्या. २०१५ ची गाडी आखली जात होती तेव्हा हे नियम अमलात यायचेच होते. जुन्या पायावरच्या गाडीला नंतर डागडुजी करून कसोटीत बसवलं जातं, तर नंतर आखलेली गाडी पहिल्या रेघेपासून त्या हिशोबाने काढलेली असते. टिवोली कोरिया आणि युरोपच्या बाजारासाठी काढली होती. तिथले नियम आधीपासून कडक, म्हणून तिचा पाया आपल्याकडे येताना पुढे होता.

जुन्या पायावर काय बसवता येत नाही, हेही पाहावं लागतं. स्क्रीन, अलॉय, सनरूफ, कॅमेरा हे कशावरही बसतं. वायरिंगची मूळ रचना, स्टिअरिंगचा प्रकार आणि सीटबेल्टचे नट बसायच्या जागा सहज बदलत नाहीत. टाटाच्या हॅरिअरचं उदाहरण घ्या. तिचा पाया लँड रोव्हरच्या डी८ वरून घेतलेला, गाडी २०१९ ची. त्या पायावर आधी हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग होतं, आणि गाडी लेनमध्ये धरून ठेवायला इलेक्ट्रिक स्टिअरिंग लागतं. २०२३ च्या फेसलिफ्टमध्ये कंपनीने ते बदललं, ती सोय त्यानंतरच आली. त्याच वर्षी हॅरिअरला ५ तारेही मिळाले. पाया उसना आणि जुना, पण त्यावर खर्च केला. डिझायरचंही तसंच. २०१८ च्या स्विफ्टला मारुतीच्या हार्टेक्ट घराण्याच्या पायावर नव्या परीक्षेत १ तारा मिळाला होता, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या डिझायरने त्याच घराण्यातून ५ घेतले.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ओळखायचं कसं. दिवाणखान्यात बसून सुरुवात करता येते. जुन्या आणि नव्या मॉडेलची पत्रकं काढा आणि व्हीलबेस मिलिमीटरमध्ये जुळवा. लांबी, रुंदी, उंची बंपरने आणि रूफ रेलने बदलते. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मात्र पायाला हात लावल्याशिवाय बदलत नाही. पत्रक नसेल तर गाडी सपाट जागेवर, स्टिअरिंग सरळ ठेवून टेपने मोजा. सेंटिमीटरभर चूक चालते. हा पहिला धागा, पुरावा नव्हे. साधी बोलेरो, निओ आणि स्कॉर्पिओ क्लासिक या तिघींचा व्हीलबेस २६८० च आहे, पण साध्या बोलेरोला मागे पाटे आहेत आणि बाकी दोघींना कॉइल स्प्रिंग.

मग दारं बघा. बॉनेट आणि बंपरचे साचे त्यामानाने स्वस्त पडतात, दाराची चौकट आणि छपराचे साचे महाग. त्यामुळे फेसलिफ्टमध्ये पुढचा-मागचा चेहरा बदलतो आणि दारं तशीच राहतात. दाराच्या काचेचा आकार, बिजागरांची जागा, समोरच्या काचेचा उतार जुन्या गाडीशी जुळला की शेल तेच. खात्री करायची असेल तर कंपनीच्या स्पेअर पार्ट काउंटरवर जुन्या आणि नव्या मॉडेलचे चार पार्ट नंबर विचारा: समोरची काच, पुढचं दार (नुसतं शेल), पुढचा लोअर आर्म आणि ब्रेक डिस्क. काच आणि दाराचा नंबर एकच निघाला तर वरचं शेल जुनं. लोअर आर्म आणि डिस्क एकच निघाली तर खालचं सामानही जुनं. नंबरच्या शेवटचं एखादं अक्षर बदललेलं असेल तर ती बहुधा किरकोळ सुधारणा असते. काउंटरवरची माणसं हे सांगायला कुरकुर करत नाहीत, फक्त शनिवारी गर्दीत जाऊ नका.

हे चार नंबर फक्त सुरक्षेसाठी उपयोगी नाहीत. जुन्या पायाचा खरा फायदा इथेच दिसतो. लोअर आर्म, बुश, व्हील बेअरिंग, शॉक ॲब्सॉर्बर दहा वर्षं तेच असतील तर पिंपळगावच्या कुठल्याही दुकानात मिळतात आणि मेकॅनिकचा हात त्यांवर बसलेला असतो. पण हे सस्पेन्शनपुरतंच खरं. इंजिनमागचं एक्झॉस्ट बीएस६ या प्रदूषण नियमांचं आहे, आणि डिझेलमध्ये डीपीएफ असतो, काजळी धरणारा फिल्टर. तो अधूनमधून काजळी जाळून स्वतःला साफ करतो, त्यासाठी इंजिन गरम होऊन १५-२० मिनिटं सलग वेगात चालावं लागतं. तुमचं पिंपळगाव-ओझर अंतर एका बाजूने दहा-बारा किलोमीटरचं. इंजिन तापतं न तापतं तोच शाळा येते. काजळी साचते, दिवा लागतो, लक्ष दिलं नाही तर गाडी ताकद कमी करते, आणि अर्धवट राहिलेल्या सफाईतलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइलची पातळी वाढते. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर दिसलं तर खूश होऊ नका, दाखवून घ्या. ठाण्याची फेरी नियमित झाली तर डीपीएफ सांभाळला जाईल, मध्ये महिनाभर खंड पडला तर नाही.

म्हणून तुमच्यासाठी पेट्रोलचा विचार आधी करा. रोजचे वीस-बावीस किलोमीटर आणि ठाण्याच्या दोन फेऱ्या धरून महिन्याला बाराशेच्या आसपास होतात. एवढ्यात डिझेलची जादा किंमत वसूल व्हायला बरीच वर्षं जातात. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीवर १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांत १२ टक्के रस्ता कर आहे, डिझेलवर अनुक्रमे १३ आणि १४. कर, तीन वर्षांचा थर्ड पार्टी आणि बाकी विमा, नोंदणी धरून १६-१७ टक्के वर जातात. चौदा लाखांत बसवायचं तर एक्स-शोरूम बाराच्या पुढे जाऊ नका. चार मीटरच्या आतली, पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतची गाडी सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटीत येते, बाकीच्या ४० टक्क्यांत. निओ आणि ३एक्सओ दोन्ही १८ मध्ये बसतात. स्कॉर्पिओ क्लासिक ४० मध्ये जाते, आणि तिच्या पायालाही २०१६ मध्ये, एअरबॅग नसलेल्या रूपात, शून्य तारे मिळाले होते. तिचं नाव कुणी सुचवलं तर हे लक्षात असू द्या.

आमचं मत सरळ सांगतो. घरी पिकअप नसती, शेतातल्या गाडीवाटेवर रोज जायचं असतं आणि महामार्गाशी संबंध नसता, तर निओ चालली असती. किंमत रास्त, दुरुस्ती सोपी, मागच्या चाकांना ताकद, चिखलात अडत नाही. पण तुमच्या गाडीचं काम माणसं नेणं आहे. त्यात दोन लहान मुलं आहेत, आणि महिन्यातून दोनदा इगतपुरीहून समृद्धी महामार्गावर चढून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत जाणं आहे, जिथे वेगमर्यादा ताशी १२० पर्यंत आहे. ८० ऐवजी १२० ला धडकेची ऊर्जा सव्वादोन पट होते. या कामाला १ तारा आणि "अस्थिर" शेल असलेली गाडी आम्ही सुचवणार नाही.

सात जणांचा प्रश्न उरतोच. निओच्या मागच्या दोन जागा बाजूला तोंड करून बसायच्या, डिकीच्या दाराला लागून. मुलं तिथेच बसायचा हट्ट धरतात, कारण मजा वाटते. धडकेत तिथे शरीर आडवं फेकलं जातं आणि मागून ठोकर बसली तर मध्ये फक्त दार असतं. ती जागा पिशव्यांसाठी समजा. म्हणजे तुमच्या कामाला निओही पाचच माणसांची उरते. वर्षातून लग्नाकार्याला, सप्तशृंगी गडावर जायला सात जण लागतात तेव्हा भाड्याची गाडी करा, ते स्वस्त पडतं. ३एक्सओ पेट्रोल, बजेटमध्ये बसेल ते व्हेरियंट, ही आमची पहिली पसंती. तिला सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटमध्ये आहेत. सेडान चालत असेल तर डिझायरही पाहा, पण ती बुटकी. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली बसून परत उठणं जड जातं. सासूबाईंना शोरूमला घेऊन जा आणि दोन्हींत तीनदा चढून-उतरून पाहू द्या. निओची पायरी तर त्यांना उंचच पडेल.

सातही जण रोजच एकत्र निघत असतील आणि हटायचंच नसेल, तर जुनी स्कॉर्पिओ-एन शोधा. वापरलेली लॅडर फ्रेम गाडी घेताना फ्रेम सरळ आहे का हे मोजून घ्यावं लागतं. लिफ्टवर घेऊन पुढच्या डाव्या बॉडी माउंटच्या बोल्टपासून मागच्या उजव्या माउंटच्या बोल्टपर्यंत टेप लावा, मग उलटा कर्ण मोजा. दोन मापांत ५ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर फ्रेमला मार बसला आहे, गाडी सोडून द्या. रेलवर ठोकलेला चॅसिस नंबर घासून वाचा. त्याच्याभोवती नवा काळा रंग किंवा वेल्डिंगची उंचवटलेली रेघ दिसली तरी सोडा. रेलचे मागचे टोक, स्प्रिंगच्या बैठका आणि माउंटभोवतीचा पत्रा टोकदार हत्याराने टोचून पाहा, गंज असेल तर पापुद्रे सुटतात. बागायतदाराची गाडी असेल तर डिकीतला मॅट उचलून बघाच. युरिया आणि मोरचुदाच्या पिशव्या गाडीतून नेल्या जातात, सांडलेलं पाणी धरतं आणि फ्लोअर आतून खातं. तुमच्या नव्या गाडीतही हे नेऊ नका, पिकअप त्यासाठीच आहे.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती दोन चकरांची नको. पाच माणसं बसवा आणि मुंबई-आग्रा महामार्गावरचा नाशिक शहरातला उड्डाणपूल घ्या. पुलाच्या सांध्यांवर ताशी ६० ला गाडी एकदा धप्प करून बसली तर ठीक. धक्क्यानंतर बॉडी थरथरत राहिली तर तो लॅडर फ्रेमचा गुण आहे, दोन तासांच्या प्रवासात पाठीला कळतो. परत येताना मोकळ्या रस्त्यावर मागे कुणी नाही बघून ५० ला लेन झटकन बदला. गाडी किती झुकते आणि सरळ व्हायला किती वेळ घेते ते मागच्या सीटवरच्याला विचारा, चालवणाऱ्याला कमी जाणवतं. सरळ बसून स्टिअरिंगचा मध्य छातीसमोर येतो का आणि डावा पाय ठेवायला क्लचशेजारी जागा आहे का, हेही बघा. जुन्या आखणीत ही जागा बऱ्याचदा नसते, आणि रोज चालवणाऱ्या तुम्ही आहात. मागच्या सीटच्या फटीत हात घालून आयसोफिक्सच्या कड्या चाचपा. चार वर्षांच्या मुलासाठी चाइल्ड सीट त्यालाच लागेल, आणि मोठ्यासाठी बूस्टर. मागच्या मधल्या जागेलाही तीन बिंदूंचा बेल्ट हवा, नुसता कमरेचा नको.

यजमान निओवरच अडून बसले तर निदान एवढं करा. पुढे लोखंडी क्रॅश गार्ड लावू नका. तो थेट रेलला बोल्ट होतो, पुढचा भाग चुरगळू देत नाही, एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकवतो, आणि बेकायदाही आहे. छपरावर कॅरिअर टाकून सामान चढवू नका, उंच गाडी आणखी डोलते. टायर २१५/७५ आर१५ आहेत, ते रुंद करायच्या भरीस पडू नका. हवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, गाडी भरलेली असेल तर भरलेल्या गाडीचा आकडा, आणि समृद्धीवर चढण्याआधी टायर थंड असताना. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. आणि समृद्धीवर डाव्या लेनने ८०-९० च्या आत.

जुन्या पायाच्या गाडीवर सूट जास्त मिळते, विशेषतः नवी पिढी येणार अशी कुजबुज असते तेव्हा. ती सूट घ्या, पण नवी पिढी आली की जुन्याची विक्री किंमत एकदम उतरते हे धरून. सात-आठ वर्षं वापरणार असाल तर काही बिघडत नाही, तीन वर्षांत बदलणार असाल तर सूट तिथेच परत जाते.

बुकिंगच्या वेळी मॉडेल, व्हेरियंट आणि बनल्याचा महिना पावतीवर लिहून मागा. पूर्ण पैसे भरण्याआधी गाडी स्वतः जाऊन बघा, सतरा अक्षरांचा चॅसिस नंबर गाडीवरून उतरवून घ्या (महिंद्राचा एमए१ ने सुरू होतो), आणि फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) वरच्या नंबरशी व बनल्याच्या महिन्या-वर्षाशी जुळवा. फेसलिफ्ट आल्यावर आधीच्या रूपाच्या यार्डात उभ्या गाड्या "नवीन" म्हणून खपवल्या जातात. महिना चार-पाच महिन्यांपेक्षा जुना निघाला तर दुसरी गाडी मागा किंवा किंमत पाडा. हे सगळं नाशिकला पेठ रोडच्या आरटीओकडे कागद जाण्याआधी करा. नोंदणी झाल्यावर डीलर गाडी बदलून देत नाही.